चालू घड्याळातला सत्कार

घड्याळ चालू होतं आणि खेळाडू स्टेजवर शाल घेत होता.

मी बुद्धिबळाची आर्बिटर, म्हणजे पंच. या कामात नुसतं बसायचं असतं असं लोकांना वाटतं. अक्कलकोट रोडच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी आमच्या स्पर्धेची शेवटची फेरी होती. राज्य स्पर्धेसाठी एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोघं समोरासमोर बसले होते. एक शेख सर, गणिताचे रिटायर्ड शिक्षक. जन्मभर खेळले, पण राज्याला एकदाही पोचले नाहीत. दुसरी अकरा वर्षांची वैष्णवी.

आयोजक टॉवेलच्या कारखान्याचे शेठ. त्यांनी बॅनरच लावला होता, 'तरुणाई विरुद्ध अनुभव'. अठराव्या वर्षी जगज्जेता होता येतं, हे हल्ली प्रत्येक पालकाला पाठ आहे. सकाळी एका आईनं विचारलं, "मॅडम, आमचा सहाचा झाला. उशीर तर नाही ना झाला?" मी गमतीनं म्हटलं, "थोडा झालाय." ती खरंच रडकुंडीला आली. चहाच्या टेबलाशी ज्येष्ठ मंडळी सांगत होती की लहान पोरांचं नुसतं पाठांतर असतं, खरा खेळ अनुभवाचा. ही सगळी मंडळी दुपारपर्यंत लहान पोरांकडूनच हरून मोकळी झाली होती.

वैष्णवीचे वडील अंबादास पॉवरलूमवर कामाला. दोरीपलीकडून ते मला म्हणाले, "हिची सातच वर्सं उरली की वो मॅडम. औंदा राज्याला गेली न्हाय तर संपलंच."  पटावर शेख सर जिंकत होते. वैष्णवीचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले, अर्थातच उशिरा. माईकवरून घोषणा झाली, "सोलापूरचा अनुभव, आदरणीय शेख सर, यांनी सत्कारासाठी स्टेजवर यावं!"

आमचं घड्याळ जोडघड्याळ असतं. खेळी करून बटण दाबलं की आपला वेळ थांबतो, समोरच्याचा सुरू होतो. ज्याचा वेळ संपला तो हरला. आता खेळी सरांची होती.

"सर, घड्याळ चालू आहे," मी म्हणाले.

"पाहुणे उभे आहेत, मॅडम. बसून राहिलो तर बरं दिसणार नाही. हा आलोच."

एक प्यादं सरकवून बटण दाबायचं, एवढंच करायचं होतं. पण घाईत खेळणं सरांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

शाल झाली, हार झाला, नारळ झाला. फोटोग्राफरला पसंत पडेना म्हणून नारळ पुन्हा झाला. शेठ माझ्यावर ओरडले, "ओ मॅडम, थांबवा की घड्याळ!"

"सत्कारासाठी घड्याळ थांबवायचा नियम नाही."

"मग नवा करा की!"

सर खाली उतरणार, तोच गर्दीतून आवाज आला, "सर, दोन शब्द बोला की!" टाळ्या पडल्या. सरांनी माईक घेतला आणि अनुभवाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. बोलणं आवरतं घेतलं तेव्हा तोच आवाज पुन्हा आला. "सर, त्ये केम टेशनचं सांगा की!" सरांचा चेहरा फुलला. केमच्या स्टेशनमास्तरबरोबर डाव रंगला आणि डोळ्यांदेखत गाडी निघून गेली, असा तो किस्सा. हॉल खदखदून हसत होता. मी एकटीच घड्याळाकडे बघत होते.

"वेळ संपला," मी जाहीर केलं. 

शेठ अंगावर आले. पण सरांनी त्यांना हातानं अडवलं. "नियम तो नियम." वैष्णवीशी हात मिळवून ते म्हणाले, "राज्याला जा, बेटी. पण वजीर असा उघड्यावर ठेवायचा नाही." मग शाल काखेत मारून निघून गेले. मला फार वाईट वाटलं.

गर्दीतला तो आवाज मी ओळखला होता. अंबादासना जिन्यात गाठलं. "पोरीसाठी मुद्दाम केलंत ना?"

त्यांनी मान खाली घातली. "व्हय मॅडम. काय करू, पोरगी हरत हुती की. आमी सरांचेच इद्यार्थी. एक किस्सा इचारला की गणिताचा अख्खा तास जायचा."

जगज्जेता व्हायला तरुणाई लागते की अनुभव, असं लोक अजून मला विचारतात. मी सांगते, दोन्ही लागतं. दोन्ही एकाच माणसात असायला पाहिजे असं मात्र नाही.