भोंगेवाल्याचा कान

इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतल्या आनंदराव गजभियेंचं लग्नकार्यात भोंगे लावायचं दुकान होतं. पण शहराच्या दुसऱ्या अंगाला, वकील-प्राध्यापकांच्या धरमपेठेत त्यांना कोणी भोंगेवाला म्हणत नसे. तिथे ते ‘कान’ होते. श्रीधरराव घाटे वकिलांच्या दिवाणखान्यात दर रविवारी गाणं ऐकणारी मंडळी जमायची. नवी रेकॉर्ड येवो की नवा स्पीकर, आनंदरावांची मान डोलल्याशिवाय तिथे कुणाच्या तोंडून ‘वा’ निघत नसे. “या, आमचे कान आले,” म्हणत वकीलसाहेब स्वतः खुर्ची सरकवायचे.

ती खुर्ची काही फुकट मिळाली नव्हती. वकीलसाहेब संगीत मंडळाचे चिटणीस. एका वर्षी मंडळाच्या संमेलनात माइक असा कोकलायला लागला की गायक उठून जायच्या बेतात. तेव्हा बाहेर भोंग्यांपाशी उभा असलेला हा माणूस सरळ आत शिरला, माइक वीतभर मागे घेतला, आणि सगळं शांत. तेव्हापासून संमेलनाच्या स्टेजवरचा आवाज आनंदरावांकडे. त्या कामावर त्यांचा असा जीव की त्या दिवसांत घरी सोयरे आले तरी भेट व्हायची नाही. बायको, इंदूबाई, कुरकुरायची, “कान कान करत त्या लोकायनं तुमाले झाडावर चढवलं. उतरवतीन बी तेच.”

आनंदराव हसायचे. बायकांना काय कळतं! पण बाईंना बरोबर कळत होतं.

एकोणनव्वद साल. वकीलसाहेबांच्या मेहुण्याने अमेरिकेहून सीडी प्लेअर आणला आणि सोबत एक वेगळी काळी पेटी. सीडीवर गाणं आकड्यांत भरलेलं असतं म्हणे. त्या आकड्यांचा पुन्हा सूर करणारं यंत्र प्लेअरच्या पोटात असतंच, पण ही पेटी तेच काम त्याहून सरस करते, असं मेहुण्याचं म्हणणं. तिचं नाव कन्व्हर्टर. आता खरंच सरस की नुसतंच अमेरिकेचं कौतुक, ते ठरवायचं होतं. बारकावे कळावेत म्हणून हेडफोन लावून ऐकायचं ठरलं आणि पहिला मान अर्थात आनंदरावांचा.

त्या रविवारी प्राध्यापक मनोहरराव देशकरही येऊन बसले होते. हे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांच्या भाच्याने नुकतीच सीताबर्डीवर नवी साउंड कंपनी थाटली होती आणि संमेलनाचं काम त्याला मिळावं म्हणून मामा वर्षभर वकीलसाहेबांच्या कानी लागले होते. आनंदरावांना हे ठाऊक होतं. आपला कान आहे तोवर आपलं स्टेज कोण नेतो, एवढीच त्यांची घमेंड.

स्पीकरवर ऐकताना कसं, सगळे सोबत ऐकतात, सोबत चुकतात. हेडफोनचं तसं नाही. ऐकणारा एकटा आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे टक लावून बसलेले. आनंदरावांनी आधी नुसता प्लेअर ऐकला. मग वकीलसाहेबांनी कळ फिरवून पेटी लावली. आनंदरावांची मान लगेच डोलली.

“हे भरीव आहे, साहेब. तानपुऱ्याची तार न् तार मोकळी होऊन राहिली.”

झालं! पाळीपाळीने सगळ्यांनी हेडफोन लावला आणि सगळ्यांना तार न् तार मोकळी ऐकू आली. वकीलसाहेब तर म्हणाले, “जमीन-अस्मानाचा फरक!” मेहुण्याची छाती फुगली.

मनोहररावांनी तेवढ्यात पिशवीतून आवाज मोजायचं मीटर काढलं. तपासून म्हणाले, “पेटीचा आवाज मुळातच थोडा मोठा येतो आहे. थोडं मोठं वाजलं की कानाला ते चांगलंच वाटतं.” त्यांनी दोन्ही आवाज सारखे केले, यंत्रांवर टॉवेल टाकला आणि हेडफोन पुन्हा आनंदरावांच्याच हातात दिला. “सांगा आता, पेटी कोणती?”

आनंदरावांनी ऐकलं. पुन्हा ऐकलं. घाम फुटला हो त्या माणसाला! वाटलं तर काहीही ठोकून देता आलं असतं, बरोबर निघायची निम्मी शक्यता होती. पण सुराच्या बाबतीत खोटं बोलायची जीभ त्यांना नव्हती.

“नाही समजून राहिलं, साहेब. सारखंच आहे.”

“भोंगेवाल्याचा कान!” मनोहरराव म्हणाले. “मोठं ते गोड.”

दिवाणखाना खो खो हसला. ज्यांनी ज्यांनी मघाशी माना डोलावल्या होत्या ते सगळे हसले. दुसऱ्यांदा हेडफोन लावायला मात्र त्यातला एकही पुढे आला नाही आणि मनोहररावांनीही कुणाला आग्रह केला नाही. आनंदरावसुद्धा हसले. स्वतःच्या त्या हसण्याचा राग त्यांना पुढे जन्मभर आला.

घरी येऊन ते खाटेवर बसले. “माह्याच फासात मी अडकलो वं. लग्नवाली पार्टी दोन दुकानायचे सेट ऐकून पाहायले आली का आपल्या सेटचा आवाज मी जरासा मोठा ठेवतो. इतकी वर्षं हेच करून राहिलो. अन् आज मलेच नाही समजलं.”

“बाकीच्यायले समजलं का?” इंदूबाईंनी विचारलं.

“नाही.”

“मंग त्यायले काहून नाही हासले कोनी?”

आनंदरावांपाशी याचं उत्तर होतं. हसणारे सगळे धरमपेठेचे होते, इंदोऱ्याचे तेवढे ते एकटेच.

डिसेंबरात संमेलन आलं. स्टेजवरचा आवाज मनोहररावांच्या भाच्याकडे गेला. तसं सांगायची तसदी कुणी घेतली नाही. वकीलसाहेबांचा निरोप तेवढा आला: आत जागा न मिळालेल्यांसाठी बाहेर भोंगे लावायचे आहेत, ते तुमच्याशिवाय कोण करणार!

“लाज असंन तर जाऊ नका,” इंदूबाई म्हणाल्या. आनंदराव गेले. आत काही बिघडलं तर आपल्यालाच हाक येईल, ही आशा. आशेला कुठे लाज असते?

आणि बिघडलं! कुसुमताई गायला बसल्या आणि पहिल्याच आलापाला माइकने किंकाळी फोडली. या बाईंचा माइक इतकी वर्षं आनंदरावच लावत आले होते. ते धावत दारापाशी गेले. बिल्ला लावलेल्या पोराने हात आडवा घातला, “काका, तुम्ही बाहेरचं पाहा नं.” तेवढ्यात बाहेरच्या भोंग्यांतून कुसुमताईंचा आवाज आला, “अहो, आनंदराव कुठे आहेत? त्यांना बोलवा ना कुणीतरी.”

आनंदरावांनी सदरा नीट केला. पोराचा हात बाजूला सारला.

मग भोंग्यांतून वकीलसाहेब बोलले. आवाज अगदी स्वच्छ येत होता, भोंगे आनंदरावांनीच लावले होते. “ताई, आनंदरावांची प्रकृती ठीक नाही. यंदा ते येऊ शकले नाहीत.”

आनंदरावांचा हात खाली आला. ते मागे फिरले आणि भोंग्याच्या खांबापाशी येऊन उभे राहिले. सतरंजीवर बसलेल्या उमरेडकडच्या एका म्हाताऱ्याने मान वर करून विचारलं, “कोन व्हय गा हा आनंदराव?”

“होता एक,” आनंदराव म्हणाले. “बिमार आहे म्हन्तेत.”