उषाबाईचं रडणं

करुणा गेली तेव्हा उषाबाई रडली नव्हती. नववीतली पोर, तापानं फणफणलेली. बपेऱ्याहून तुमसरच्या दवाखान्यात नेताना ऑटोतच आईच्या मांडीवर तिनं मान टाकली. घरी आणल्यावर बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. बाबुलाल, उषाबाईचा नवरा, दारात डोकं आपटत होता. उषाबाई मात्र भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली. "मायचं काळीज हाये का गोटा?" शेजारची ललिताबाई बाहेर पडता पडता म्हणाली, आणि ते गावभर झालं.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात, जंगलातलं तेंदूपत्ता तोडायचं काम संपल्यावर, नदीच्या वाळूत सिनेमावाल्यांच्या गाड्या उतरल्या. फार मोठा सिनेमा होता. पाण्यातून डोंगराएवढं जनावर निघतं आणि गावं तुडवत जातं, अशी गोष्ट. त्याच्यापासून पळायला माणसं हवी होती. गावच्या बाया रोजीनं निघाल्या, उषाबाईही निघाली.

जनावर कुठंच नव्हतं, ते नंतर कॉम्प्युटरवर घालणार होते. क्रेनच्या टोकाला हिरवा चेंडू टांगला होता. त्याच्याकडे बघून किंचाळायचं आणि पळत सुटायचं. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. दिग्दर्शक वैतागला. पुढच्या रांगेपाशी येऊन म्हणाला, "जानवर को भूल जाओ. तुम्हारा बच्चा पीछे छूट गया है. उसे देखो."

उषाबाईनं वर पाहिलं. चेंडू वाऱ्यानं हलत होता. तिला ऑटोतली करुणा दिसली, पाणी मागणारी. "पुढच्या गावात पाजतो," असं म्हणून तिनं पोरीला थोपवलं होतं. आता तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. तोंड वेडंवाकडं झालं, नाक वाहू लागलं, ती वाळूत गुडघ्यांवर कोसळली. कॅमेरा थांबला तरी ती थांबेना. ललिताबाईनंच धावत येऊन तिला सावरलं. दिग्दर्शकानं टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांना वाजवायला लावल्या.

"आज पोरीसाठी रडली मी," घरी आल्यावर तिनं बाबुलालला सांगितलं. आपल्या ताटातली भाजी त्यानं तिच्या ताटात वाढली. किती दिवसांनी ती पोटभर जेवली.

सिनेमा यायच्या आधी त्याची जाहिरात मोबाईलवर आली. तीत क्षणभर उषाबाईचा चेहरा होता. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून घेतला आणि वर लिहिलं, 'सासू मुक्कामाला आली.' दुसऱ्यानं लिहिलं, 'सोमवार उजाडला.' तो वाकडा चेहरा फोनाफोनांतून देशभर फिरू लागला. बाई कोण, हे कुणाला ठाऊक नव्हतं. बपेऱ्याला होतं. किराणा दुकानात कुणीतरी म्हणायचंच, "काकू, एक डाव रडून दाखवा ना."

मग एक दिवस तो तुकडा नातेवाइकांच्या ग्रुपवरही आला. जवाहरनगरच्या भाचीनं, स्वातीनं, टाकला होता, वर लिहून: 'लाईट गेली.' खाली सगळ्यांचं हसू. बाबुलालच्या सख्ख्या भावाचंही.

बाबुलालनं फोन लावला. "ते काढून टाक, स्वाती. तुयी मामी करुणासाठी रडली होती."

"मले नव्हतं माहीत, मामा. काढतो मी. पण अख्खी दुनिया पाहून राहिली ते. तिकडून कोण काढंल?"

"काहून बोलता तिले?" उषाबाई आतून म्हणाली. "तिनं काय केलं?"

पुरा सिनेमा पाहिला तर लोकांना समजेल, असं बाबुलालला वाटत होतं. तो तिला तुमसरच्या टॉकीजमध्ये घेऊन गेला. पडद्यावर पाणी फुगलं, जनावर वर आलं, त्याच्या पायाखाली घरं चुरली. थिएटर चिडीचूप होतं. मग पडदाभर उषाबाईचा चेहरा आला आणि सगळीकडून हशा उठला. शिट्ट्या वाजल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "सासू आली रे!"

"चाल, निघू," बाबुलाल उठला.

उषाबाई उठली नाही. पडद्यावर जनावर मेलं, माणसं एकमेकांना मिठ्या मारून रडली. त्यांना कुणी हसलं नाही. ते सगळं तिनं शेवटपर्यंत पाहिलं.

आताशा गावात मयत झाली की ती रडायला जमलेल्या बायांत जात नाही. बाया पांगल्या की मागल्या दारानं जाते, साचलेली भांडी घासून देते आणि घरी येते.