एका माणसाला एक टॉवेल

सोलापुरात साबणाचा जेवढा खप होतो त्यातला निम्मा माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांमुळे होतो, असे मी अनेक वर्षे मानत आलो आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. आणि गंमत अशी, की जगाला टॉवेल विकणाऱ्या या गृहस्थांचा सर्वांत कमी विश्वास टॉवेलवरच आहे. एकदा वापरलेला ओला टॉवेल म्हणजे त्यांच्या लेखी जंतूंची धर्मशाळा. त्यांच्या घरी पाहुणा आला, की चहाच्या आधी साबण येतो आणि साबणापाठोपाठ घडी घातलेला, उकळून वाळवलेला स्वतंत्र टॉवेल येतो. एका माणसाला एक टॉवेल, हा त्या घराचा कायदा आहे. वापरलेला टॉवेल थेट गॅसवरच्या मोठ्या पातेल्यात जातो. "आमच्यात भातापेक्षा टॉवेल जास्त शिजतो," असे ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि ती काही अतिशयोक्ती नव्हे.

तरीही दाजी जंतूंचा तिरस्कार करत नाहीत. बाजारातल्या हुशार प्रतिस्पर्ध्याविषयी व्यापाऱ्याला असावा तसा आदर त्यांना जंतूंविषयी आहे. "मेव्हणे, त्याला पाय न्हाईत, पंख न्हाईत. तरी बी तो अख्खं गाव फिरतो. का? आपन त्याला रिक्षा पुरवतो म्हनून," असे म्हणून ते स्वतःचे दोन्ही तळहात पुढे करतात. कारखान्यात प्रत्येक कामगाराचा पाण्याचा पेला वेगळ्या खिळ्याला टांगलेला आहे. "मालक, मागाला बी साबण लावू का?" असे कामगार विचारतात, तेव्हा दाजी गंभीरपणे म्हणतात, "माग शिंकत न्हाय. शिंकला की सांगा."

त्यांच्या मुलीचे, म्हणजे आमच्या पल्लवीचे लग्न जेऊरच्या एका शेतकरी घरात ठरले, तेव्हा नवी पेठेत दागिने घ्यायला मीही सोबत होतो. नथ पसंत पडली. पल्लवी ती नाकात घालून पाहणार, इतक्यात दाजींनी तिचा हात धरला आणि सराफाकडे गरम पाणी व साबण मागितला.

"अहो, सोनं शुद्ध असतंय की," सराफ दुखावल्या स्वरात म्हणाले.

"सोनं शुद्धच हाय. पन आजवर ही कुनाकुनाच्या नाकात जाऊन आली, ते सांगा."

दुकानातल्या इतर बायकांनी आपापल्या हातातल्या नथी हळूच ट्रेमध्ये ठेवल्या. सराफांनी मुकाट्याने पाणी तापवले. मी मात्र काचेच्या कपाटाकडे तोंड करून उभा होतो. दुसऱ्याच्या वागण्याचीही लाज मलाच वाटते. कुणाच्या घरी पेला फुटला तरी तो आपल्याच हातून फुटला असावा असे वाटत राहते. हा माझा दोष मला ठाऊक आहे. तो जात नाही.

लग्न जूनअखेरच्या एका मुहूर्तावर होते आणि शहरात डोळ्यांची साथ सुरू होती. लग्नाच्या दिवशी सकाळी मी जागा झालो तो पापण्या चिकटलेल्या. आरशात पाहिले, तर दोन्ही डोळे टोमॅटोसारखे लाल. डॉक्टरांनी थेंब दिले आणि चारचौघांपासून दूर राहायला सांगितले. मी नवरीचा सख्खा मामा. मांडवात तिला मीच आणायचे, तिच्यामागे मीच उभे राहायचे. तिचे बोट धरून ज्याने तिला चालायला शिकवले, त्यालाच आज घरी बसावे लागणार होते. मी दाजींना फोन करून सांगितले, की मी येत नाही. जंतूंचा इतका विचार करणारा माणूस सुटकेचा निःश्वास टाकील, अशी माझी खात्री होती.

"मामाबिगर पोरगी मांडवात येनार कशी?" ते म्हणाले. "या. फकस्त डोळ्याला हात लावायचा न्हाय, आन् मी सांगीन तसंच वागायचं."

कार्यालयाच्या दारातच त्यांनी मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि माझ्या खांद्यावर एक पिवळा टॉवेल टाकला. बाकी सगळीकडे पांढरे टॉवेल होते. "ह्यो तुमचा. दुसऱ्याला द्यायचा न्हाय." माझी खुर्चीही वेगळी मांडलेली होती. इतके करूनही विहीणबाईंनी मला पाहिलेच.

"हे मामा नवरीपाशी उभं राहनार? नजरेनं लागतंय हे. आमच्या घरात पहिल्याच दिवशी साथ न्यायची काय?"

मांडवात कुजबुज सुरू झाली. कुणी मला काळा चष्मा देऊ केला. मी उठून निघणार होतो. पल्लवी आतल्या खोलीच्या दारात उभी होती; मान हलवूनच ती 'जाऊ नका' म्हणाली.

दाजींनी एक खुर्ची ओढली, माझ्यासमोर हातभर अंतरावर ठेवली आणि तीवर बसून माझ्या लाल डोळ्यांत टक लावून पाहायला सुरुवात केली. मुहूर्त जवळ आलेला, सनईवाले थांबलेले, आणि भर मांडवात दोन प्रौढ पुरुष एकमेकांकडे एकटक पाहत बसलेले.

"हसू नका, मेव्हणे," ते पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, "बघून पसरत न्हाय, विहीणबाई. पुसून पसरतंय. मी पोरीचा बाप. नजरेनं लागलं तर पयलं मला लागंल."

विहीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या आणि बाजूला झाल्या. पल्लवीच्या हातावर ताजा टॉवेल घालून, धुतलेल्या हाताने तो टॉवेलच धरून, मी तिला बोहल्यापर्यंत नेले. अक्षता पडताच दाजींनी तो टॉवेल चिमट्याने उचलला आणि आचाऱ्याच्या उकळत्या पाण्यात सोडला. आचारी काय म्हणाला, ते लिहिण्याजोगे नाही.

तीन-चार दिवसांत माझे डोळे निवळू लागले. मग ताईचा फोन आला: दाजींचे डोळे आले. साऱ्या लग्नात फक्त त्यांचेच.

मी धावत गेलो. दाजी माडीवरच्या खोलीत एकटे बसले होते. मला त्यांनी दाराशीच बसवले. आता जेऊरपर्यंत बातमी पोचणार आणि हे माझ्यामुळे झाले, एवढेच माझ्या मनात होते. तेवढ्यात विहीणबाईंचाच फोन आला. ताईने तो लांबूनच धरून सर्वांना ऐकू येईल असा लावला.

"बघा! म्हनलं व्हतं न्हवं मी? नजरेनंच लागलं!"

माफी मागण्यासाठी माझे ओठ विलग झालेच होते. दाजींनी हात वर करून मला थांबवले. होकार देऊन ते मोकळे होऊ शकले असते.

"नजरेला उगा बदनाम करू नका, विहीणबाई," ते म्हणाले. "पोरगी गाडीत बसली, तवा मला काय बी दिसत न्हवतं. खुर्चीवर मेव्हण्यांचा पिवळा टॉवेल व्हता. त्योच उचलला आन् तोंड पुसलं. समदं कळत असून पुसलं."

मग विहीणबाईंचा आवाज आला, तो अगदी वेगळा होता.

"पोरगी खुशीत हाय वो, दादा. काळजी करू नका. सकाळपास्नं समद्या घराला हात धुवायला लावलंय तिनं. सासऱ्याला दोनदा परत पाठवलं मोरीत."

दाजी हसले. मग भिंतीकडे तोंड करून त्यांनी विचारले, "साबन पुरतोय का तितं? हितनं पाठवू का?"

त्या "पाठवा" म्हणाल्या. ताई लगेच खाली गेली. दाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि हात मांडीखाली दाबून धरून ते तसेच बसून राहिले. मीही दाराशी बसून राहिलो.