न उघडणारी खिडकी

सावनेरचं घर बंद करून बाबांना नागपूरला आणलं, त्या दिवशी टेम्पोत सामान फारसं नव्हतंच. एक लोखंडी पलंग, आईची कपड्यांची पेटी, दोन बादल्या, चार भांडी. पान्या-पकडींची पेटी मात्र बाबांनी मागे ठेवू दिली नाही. ती मांडीवर घेऊन ते ड्रायव्हरच्या शेजारी बसले. गल्लीतल्या बाया दारात उभ्या होत्या. शेजारच्या लीलाकाकूंच्या हातात मी किल्ली दिली, तेव्हा बाबा टेम्पोतूनच म्हणाले, "गोडलिंबाले पानी टाकजा." काकूंनी अंगणातल्या कढीपत्त्याकडे बघून मान डोलावली. मग बाबा "येतो" म्हणाले. आठवडी बाजाराला निघाल्यासारखे. आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

त्याच गावातून तीस वर्षांपूर्वी मी निघाले होते. पोस्टात नोकरी लागली म्हणून एक ट्रंक घेऊन एकोणिसाव्या वर्षी बसमध्ये चढले. बाबा खाणीतली पहिली पाळी बुडवून स्टँडवर आले होते. खिडकीशी उभे राहून म्हणाले, "भेतं कायले? नागपूर काय दूर हाये?" नागपूर दूर नव्हतंच. पण पहिले सहा महिने मी रोज संध्याकाळी रडत होते, आणि सुट्टीत घरी गेले की "मजेत आहे" म्हणून सांगत होते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आता सांगते, कारण तुम्हा गल्लीतल्या मंडळींचे फोन येतात, "बाबा रमले का?" म्हणून, आणि आपल्यातले जे पुण्या-हैदराबादला गेले तेही विचारतात, म्हाताऱ्या माणसाला असं उचलून आणलेलं मानवतं का. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. मधे एक खिडकी येते.

आमचा फ्लॅट नंदनवनला, चौथ्या मजल्यावर, मोठ्या रस्त्याला लागून. आवाज आणि मे महिन्याचं ऊन दोन्हींनी जीव नकोसा झाला, तेव्हा आम्ही रस्त्याकडच्या खोलीला दुहेरी काचेची खिडकी बसवली. दोन काचा, मधे बंद हवा. लावली की ट्रकचा आवाज शेजारच्या घरातल्या टीव्हीएवढा होतो. ती खोली आम्ही बाबांना दिली. घरातली सगळ्यात चांगली खोली होती ती. मिलिंद, माझा नवरा, चंद्रपूरला साइटवर असतो आणि शनिवार-रविवारी येतो. मुलगी पुण्याला शिकते. मी नऊला पोस्टात जायची ती सहाला परतायची. मधला सगळा दिवस बाबा आणि ती खोली.

बाबा कोळशाच्या खाणीत फिटर होते. खाणीत पाणी उपसणारे पंप त्यांच्या हाताखाली असत. पंप बंद पडला तर खालची माणसं पाण्यात, म्हणून त्यांना सणासुदीलाही बोलावणं यायचं. अशा माणसाला मी खुर्ची, पेपर आणि रिमोट दिला होता. रस्त्याची त्यांना धास्ती वाटायची, म्हणून खाली जात नसत. सकाळी खिडकीजवळ खुर्ची ओढून बसत. कधी कधी मऊ फडक्याने काच पुसताना दिसत. मला वाटायचं, वेळ घालवायला पुसतात.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते. बाबा समोर येऊन उभे राहिले.

"सुनंदा, मले सावनेरले नेऊन दे."

"काहून बाबा? काय झालं?"

"काई नाई झालं. आपलं घर हाये तिथं."

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी हेच. मी विचारलं, जेवण आवडत नाही का? एकटं वाटतं का? माझं काही चुकलं का? प्रत्येक वेळी मान हलवून "नाई". मला ते फार लागलं. आईचं शेवटचं आजारपण मी सुट्ट्यांच्या हिशेबात बसवलं होतं, तिच्याजवळ पुरतं बसले नव्हते. निदान बाबांचं तरी नीट करावं, एवढंच मनात होतं. आणि तेच माझ्या घरातून निघायचं म्हणत होते. मिलिंद म्हणाला, "जबरदस्ती नको करू. त्यांचा जीव तिथे आहे तर जाऊ दे." शेवटी मी हरले. लीलाकाकूंकडे दोन वेळच्या डब्याचं ठरवलं, आठवड्याची सुट्टी टाकली, रविवारी निघायचं असं ठरलं.

शनिवारी मी त्यांच्या खोलीत आवराआवर करत होते. त्या आठवड्यात मिलिंदला साइटवरच थांबावं लागलं होतं. डिसेंबरची थंडी होती, सकाळचे आठ वाजले असतील. पलंग सरकवला तर खिडकीखालच्या भिंतीचा रंग फुगून सुटलेला. चौकटीच्या खालच्या खोबणीत काळपट चिखल साचला होता. पावसाचं पाणी बाहेर न जाता भिंतीत मुरलं होतं. खिडकी उघडून बाहेरून बघावं म्हणून मी दांडी फिरवली, ती हलेना. खरं तर ती खिडकी आम्ही पाऊस सुरू झाल्यापासून उघडलीच नव्हती. एसी, धूळ, आवाज, कशाला उघडायची? बाहेरची बाजू मी बाल्कनीतून लांब दांड्याच्या वायपरने पुसायची.

मी जोर लावत होते. बाबा पलंगावर बसून होते.

"मोडशीन ते," ते म्हणाले. "पल्ला वजनानं खाली बसला असन. खालून उचल, मंग दांडी फिरव."

"एका हाताने नाही उचलत. तुम्ही या न."

"मले कायले बलावतं? मले दिसते का काई?"

मला वाटलं, चष्मा सापडत नसेल. "दिसायचं काय त्यात? फक्त उचला."

ते आले. दोन्ही तळवे त्यांनी पल्ल्याच्या, म्हणजे खिडकीच्या झडपेच्या, कडेखाली घातले आणि पंपाचं झाकण उचलावं तसा हळूच वर ढकलला. मी दांडी फिरवली. खट् करून कडी सुटली. पल्ला बाहेर गेला आणि गार वारा, हॉर्न, भाजीवाल्याची हाळी, सगळं एकदम खोलीत आलं.

बाबा तसेच उभे. मी म्हणाले, "सरका, मला खालची खोबण बघू द्या." ते सरकले नाहीत. समोर रस्त्यापलीकडे बघत होते. मग, शाळेतलं पोर वाचतं तसं एकेक अक्षर सुटं करत वाचायला लागले.

"येथे... सर्व... प्रकारचे... पंप... दुरुस्त करून मिळतील."

समोरच्या दुकानाची पाटी होती ती. मला काही कळेना. बाबांनी पल्ला ओढून डोळ्यांसमोर आणला, काचेतून पाहिलं. बाहेर ढकलला, मोकळं पाहिलं. पुन्हा ओढला. एक डोळा हाताने झाकून पाहिलं, मग दुसरा. मग पलंगावर बसले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसतात की रडतात, मला समजत नव्हतं. दोन्ही चाललं होतं.

"बाबा, काय झालं? सांगा न."

"काच हाये वं ते," ते म्हणाले. "काच हाये! माहे डोये नाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांचे थोरले भाऊ, आम्ही ज्यांना मोठेबाबा म्हणायचो, शेवटची वर्षं भिंतीला हात लावत चालले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. मोठेबाबा सांगायचे, सुरुवातीला सगळं धुक्यात गेल्यासारखं वाटलं. बाबांनी हे मनात धरून ठेवलं होतं. इथे आल्यावर रोज सकाळी ते समोरची पाटी वाचून डोळे तपासायचे. उन्हाळ्यात पूर्ण वाचता यायची. पावसाळ्यात लहान अक्षरं गेली. दिवाळीपर्यंत मोठीही गेली. काच आतून पुसली, बाहेरून मी पुसतच होते, तरी धुकं तसंच. जवळचं ताट, पेपर नीट दिसायचा, पण मोठेबाबांचंही लांबचंच आधी गेलं होतं, असं त्यांच्या मनाने घेतलं. बाहेर ते जातच नव्हते, बाजूच्या बाल्कनीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत, मग दुसरीकडे कुठे लांबचं पाहून खात्री करणार?

"मंग सावनेरले काहून जायचं म्हणत होते?"

"तिथं पलंगापासून नळ किती पावलं, मले ठाव हाये. खाणीतला मानूस हावो मी, आंधारात चालता येते. इथं आंधळा झालो असतो तं तुह्या जिवाले घोर."

"मला सांगायचं नाही का?"

"तुले कायले सांगू? तू कामावरून थकून येतं."

मी खाली बसून त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. महिनाभर मला वाटत होतं, यांना माझं घर नको आहे. आणि हा माणूस माझ्या घराला त्रास नको म्हणून पळून जायला निघाला होता. माझ्या छातीवरून एवढं मोठं ओझं उतरलं की मला राग यायचंसुद्धा सुचलं नाही. स्वतःचा मात्र आला. काच अंधुक झालेली मलाही दिसली होती. नागपूरची धूळ, म्हणून मी सोडून दिलं होतं. त्या खिडकीतून बाहेर पाहायची मला फुरसतच नव्हती.

रविवारी आम्ही सावनेरला गेलो नाही. आदल्या दिवशीच बाबांनी पान्यांची पेटी उघडली होती. आधी त्यांनी काच चारही बाजूंनी नखाने तपासली आणि बघायला मला बोलावलं. "पाय, ह्या काठानं डिंक सुटला. पश्चिमेचं ऊन खाऊन कडक झाला. तिथून ओल आत गेली. दोन काचांच्या मधात हाये, तू जनमभर पुसलं असतं तरी निघालं नसतं." दोन काचांमधे जी पत्र्याची पट्टी असते, तिच्यात ओल शोषणारे दाणे भरलेले असतात. ते भरून गेले की मग धुकं काचेवर बसतं. हे मला मोबाइलवर सापडलं. मी वाचून दाखवलं, तेव्हा बाबा म्हणाले, "मंग मी काय सांगून राहिलो?"

काच बदलावी लागणार होती. बाकीचं आम्ही दोघांनी केलं. खोबणीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली होती. मी केरसुणीची काडी घालून ती मोकळी केली, वरून तांब्याभर पाणी ओतलं, आणि ते बाहेरच्या बाजूने धार धरून पडलं तेव्हा बाबांनी "हाव!" म्हणून टाळी वाजवली. बिजागरीचे स्क्रू ढिले होते, ते आवळले. पल्ला वर आला, दांडी एका बोटाने फिरायला लागली. मी शिलाई मशीनचं तेल घेऊन आले तर ओरडले, "तेल नोको टाकू, धूळ धरते!" म्हणून सिलिकॉनचा स्प्रे आणला. कडेचं रबर कोपऱ्यांत आकसून तुटलं होतं. त्याचा बोटभर तुकडा नमुन्याला कापून मी पिशवीत ठेवला.

सोमवारी आम्ही रिक्षाने सक्करदऱ्याला एका काचवाल्याकडे गेलो. बाबांनी माप स्वतः घेतलं होतं, लांबी, रुंदी आणि जाडीसुद्धा. काचवाल्याने कागद पाहिला, बाबांकडे पाहिलं. "चाचा, माप किसने लिया? एकदम बराबर है." बाबा दुकानातल्या काचा बघत राहिले. पण परतताना रिक्षात त्यांनी हे मला दोनदा सांगितलं, जणू मी तिथे नव्हतेच.

चार दिवसांनी तो माणूस नवीन जोडकाच आणि नमुन्यासारखं रबर घेऊन आला. जुनी काढून नवी बसवताना बाबा त्याच्या शेजारी उभे होते. काच चौकटीवर थेट टेकू नये म्हणून खाली प्लॅस्टिकच्या चकत्या ठेवतात, त्या कुठे ठेवायच्या यावर दोघांचा चांगला वाद झाला आणि बाबांचं म्हणणं बरोबर निघालं. चहा होईपर्यंत दोघं खाणीच्या गोष्टीत रंगले होते.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मात्र मी त्यांना नेलंच. खिडकी स्वच्छ झाली म्हणून मोठेबाबांचं दुखणं विसरायचं नव्हतं. डॉक्टरबाईंनी डोळ्यांतला दाब मोजला, थेंब टाकून आत पाहिलं. काचबिंदू नाही. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची किरकोळ सुरुवात आहे, या वयाला धरून. दर वर्षी दाखवत जा, म्हणाल्या. तिथल्या बाकावर बसून मी मिलिंदला फोन लावला आणि "काही नाही, काही नाही" एवढंच चार वेळा म्हणाले.

आता बाबा रस्ता ओलांडतात. समोरच्या पंपवाल्याशी त्यांची दोस्ती झाली आहे. दुपारी तासभर तिथे स्टुलावर बसून येतात, कधी कधी हात काळे करून येतात. आमच्या बिल्डिंगमधल्या तीन घरांच्या खिडक्यांची बुजलेली भोकं त्यांनी मोकळी करून दिली आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई त्यांना जिन्यात भेटल्या की "जयभीम बाबा, आमची दांडी पुन्हा अडकते आहे" म्हणतात. सावनेरचं घर तसंच आहे. दोन महिन्यांतून एकदा आम्ही जातो, झाडतो, लीलाकाकूंकडे जेवतो आणि येतो.

तर, रमले का? पहिले दहा महिने बाबा या घरात फार शहाण्यासारखे राहिले. जे वाढलं ते खाल्लं, कधी काही मागितलं नाही, कशाबद्दल कुरकुर नाही. मी लोकांना कौतुकाने सांगायची, बाबांचा काही त्रास नाही. पाहुणे असे राहतात, हे मला तेव्हा कळलं नाही. मीही एकोणिसाव्या वर्षी सुट्टीत घरी जाऊन "मजेत आहे" म्हणायची, तेव्हा मीही आईबाबांकडे पाहुणीच झाले होते. जिथे आपली भीती लपवावी लागते ते घर नव्हे, मग ते गावात असो की चौथ्या मजल्यावर.

आज सकाळी मी डबा भरत होते. बाबा दारात आले, केस विस्कटलेले, चेहरा वाकडा.

"सुनंदा, कालची डाळ खारट होती वं. आन् गुडघा लय दुखून राहिला. मले रातभर झोप नाई."

मला ऑफिसला उशीर होत होता. मी डब्याचं झाकण तसंच ठेवलं, तेल कोमट केलं आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"कोणता?" मी विचारलं.

"दोन्ही," बाबा म्हणाले, आणि पाय पुढे केले.