काहीच लाल झालं नाही

डिझाइनवाल्यांनो, आज थोडक्यात वाचले म्हणून लिहितेय.

चाकणला आमच्या टूलरूममध्ये, जिथे प्लास्टिकच्या पार्टचे साचे बनतात, डिझाइनचं नवीन सॉफ्टवेअर आलंय. पूर्वी स्क्रीनवरच्या मॉडेलमध्ये एक होल सरकवलं की त्यावर अवलंबून असलेलं पुढचं सगळं एररने लाल व्हायचं आणि निस्तरण्यात दिवस जायचा. आता माउसने ओढलं की झालं.

आज साच्याच्या मॉडेलमधलं बोल्टचं होल असंच ओढलं. काहीच लाल झालं नाही. फाइल मशीनवर पाठवून जेवायला गेले.

डबा उघडला आणि आठवलं, त्याच बाजूने आतून कूलिंगच्या पाण्याची लाइन जाते. तशीच पळत सुटले. ऑपरेटर शिंदेभाऊ पोलादाचा ठोकळा मशीनवर बांधत होते.

"भाऊ, सुरू नका करू."

"काय झालं मॅडम?"

स्क्रीनवर मॉडेल आडवं कापून बघितलं. होल आणि पाण्याच्या मध्ये कागदाएवढी पातळ भिंत उरली होती, साचा चालू झाल्यावर कधीही फुटली असती.

हा साचा वाचला. पण लाल निस्तरताना प्रत्येक कोपरा डोळ्याखालून जायचा, ते आता बंद झालंय. या महिन्यात मी असे बरेच साचे ओढून बदललेत. एकही आतून कापून बघितला नव्हता, आणि ते सगळे आता प्रेसवर लागून माल काढतायत.

जे लाल होत नाही, ते तुम्ही उघडून बघता का?