प्रार्थनेत फुटलेली गोष्ट

आमच्या चर्चच्या मंडळीत मला प्रार्थना चांगली येते असं मानतात. म्हणजे येते सगळ्यांनाच, पण मला लांब येते. दर बुधवारी संध्याकाळी अंधेरीत कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा असते. पंधरा-वीस माणसं, दोन सोफे, बाकीचे खाली सतरंजीवर. गाणी होतात, वचन होतं, मग कुणासाठी प्रार्थना करायची त्या विनंत्या विचारतात आणि मग खुली प्रार्थना. एकेकानं डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करायची, बाकीच्यांनी मध्येमध्ये आमेन म्हणायचं. शेवटची प्रार्थना बहुतेक वेळा माझ्यावर येते. ती संपेपर्यंत किचनमध्ये ठेवलेला चहा दोनदा गरम करावा लागतो, असं माझी बायको म्हणते.

आमच्या लोकांची या खुल्या प्रार्थनेत एक खोड आहे. आम्ही देवाला बातम्या देतो. 'प्रभू, तू जाणतोस की आमच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन येत्या मंगळवारी सकाळी आहे, तू जाणतोस की मुलगा दुबईहून येऊ शकत नाही.' आता देव जाणतो, तर त्याला वार कशाला सांगायचा? पण सांगतो, कारण शेजारी बसलेल्याला तो माहीत नसतो. मिटल्या डोळ्यांनी आम्ही एकमेकांच्या घरात डोकावून येतो आणि शेवटी आमेन म्हणतो. मी हे सगळं आज शहाण्यासारखं लिहितोय. तेव्हा मी त्यातला मुख्य माणूस होतो.

मला एकच बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई-वडील गेले, नगरकडचं घर गेलं, राहिलो आम्ही दोघंच. ती चारकोपला राहते, मी अंधेरीला. तिला एक मुलगी, माझी भाची. तिच्या वडिलांच्या माघारी तिचं लग्न मीच जमवलं. स्थळ मुलुंडचं, मुलाचे वडील तिथल्या मंडळीत वडीलधारे, घरात रोज संध्याकाळी प्रार्थना. मी एवढं पाहिलं आणि हो म्हणालो. भाचीनं विचारलं होतं, 'मामा, मुलगा कसा आहे?' मी म्हणालो होतो, 'प्रार्थनेतलं घर आहे गं, काळजी करू नकोस.'

लग्नाला तीन वर्षं झाल्यावर एका सोमवारी ताई माझ्या घरी आली. चहाला हात लावला नाही. म्हणाली, पोरगी शनिवारी एक बॅग घेऊन घरी आलीय. नवरा हात उचलतो. आजचं नाही, पहिल्या वर्षापासूनचं आहे. ती ऑफिसला जातेय, येतेय, जेवतेय, पण बोलत नाही. तिला एक महिना कुणी काही विचारू नये, एवढंच ती मागतेय. मग काय करायचं ते ती ठरवील.

'तुझ्यापाशीच ठेव,' ताई म्हणाली. 'मंडळीत नको. मुलुंडला कळलं तर येतील सगळे दारात.'

मी हो म्हणालो आणि मनापासून म्हणालो. ती गेल्यावर तिचा गार झालेला चहा मी बेसिनमध्ये ओतला. स्थळ मी आणलं होतं. त्या पोरीला मी हातानं त्या घरात नेऊन बसवलं होतं.

दोन दिवसांनी बुधवार. कामावरून थेट सभेला गेलो. साकीनाक्याला एका छोट्या कारखान्यात मी पार्ट तपासायचं काम करतो, दिवसभर उभं राहून मापं घ्यायची, त्यामुळे संध्याकाळी पाय आणि डोकं दोन्ही सुन्न असतात. विनंत्या विचारल्या तेव्हा मी काही बोललो नाही, हे मला नीट आठवतं. पण शेवटची प्रार्थना माझ्यावर आली आणि डोळे मिटल्याबरोबर मला भाचीच दिसायला लागली. मी बोलत गेलो. 'हे पित्या, माझ्या बहिणीच्या मुलीला सांभाळ. तू जाणतोस, तिच्या नवऱ्याचा हात तिच्यावर पडतो. तू जाणतोस, ती शनिवारी एका बॅगेनिशी आईकडे आली आहे.' मला रडू आलं. सगळी खोली हुंदक्यासारखं आमेन, आमेन म्हणत होती. डोळे उघडले तेव्हा फार हलकं वाटलं. प्रार्थना ऐकली गेली असं वाटलं.

ऐकली होतीच, पण सतरा जणांनी.

घरी येताना रिक्षात बायको म्हणाली, 'काय केलंस हे?'

'नाव कुठं घेतलं मी?'

'तुला बहीण किती? तिला मुली किती?' ती बाहेर बघायला लागली.

शुक्रवारपर्यंत बातमी मुलुंडला पोचली. पोचवणाऱ्यांनीही चांगल्या मनानंच पोचवली असणार, 'तुमच्या घरासाठी प्रार्थना करतोय' म्हणून. रविवारी उपासनेनंतर भाचीची सासू आपल्या मंडळीतली सहा माणसं घेऊन चारकोपला आली. पवित्र शास्त्र घेऊन, गिटार घेऊन. ताईच्या एवढ्याशा हॉलमध्ये त्यांनी दोन गाणी म्हटली. दारं-खिडक्या उघड्या, समोरच्या घरांच्या लाइनीतल्या बायका उंबऱ्यावर येऊन ऐकतायत. मग एकानं क्षमा किती वेळा करायची त्यावरचं वचन उघडलं आणि सत्तर वेळा सात म्हणजे काय ते त्या पोरीला समजावून सांगितलं. गालावरचा डाग अजून पुरता गेला नव्हता, तो झाकायला तिनं केस सोडले होते, असं ताईनं मला मागाहून सांगितलं. भाची दोन तास मान खाली घालून बसली. ते गेल्यावर आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. त्यानंतर घरात कुणीही आलं की ती दार लावून घ्यायला लागली.

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. 'एक गोष्ट पोटात ठेवता आली नाही तुला?'

माझं डोकं सटकलं. चूक कळलेली असली की माझं डोकं लवकर सटकतं. मी म्हणालो, 'मी काय नाक्यावर जाऊन सांगितलं का? देवाला सांगितलं. भाचीसाठी प्रार्थना पण करायची नाही का मी?'

'कर ना,' ती म्हणाली. 'पण देवाला सांगताना एवढा मोठा आवाज कशाला लागतो रे तुला?'

तिनं फोन ठेवला. त्या दोघी आमच्या चर्चला यायच्या बंद झाल्या. नाताळ गेला, त्या आल्या नाहीत. मी केक पाठवला, तो बायकोच्या हातून. मी गेलो नाही.

असे सात महिने गेले. कुणी ताईविषयी विचारलं की मी म्हणायचो, 'माझ्या मनात तिच्याविषयी काही नाही हो.' आणि खरंच नव्हतं. रोज सकाळी मी तिच्यासाठी प्रार्थना करायचो, मनातल्या मनात तिला क्षमासुद्धा करायचो. कशाबद्दल क्षमा ते विचारू नका. बायको अधूनमधून म्हणायची, 'जाऊन ये एकदा.' मी म्हणायचो, गुडघे दुखतायत, पुढच्या आठवड्यात बघू. गुडघे दुखत होतेच. पण त्याहून जास्त मी आपलंच बरोबर आहे असं धरून बसण्यानं थकलो होतो. सकाळी उठल्याबरोबर ते उचलायचं, कामावर न्यायचं, परत आणायचं. बुधवारी प्रार्थना करताना माझा आवाज मलाच ऐकू यायला लागला होता आणि त्याचा वीट आला होता. तरी करत होतो, कारण लोक थांबायचे माझ्यासाठी.

मग एका रविवारी उपासनेत अर्पणाची वेळ झाली. अर्पणाची मखमली पिशवी डावीकडच्या बाकांवर फिरवायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. पिशवी हातात घेऊन मी पुढं उभा होतो आणि पाळकसाहेबांनी अर्पणाच्या आधी एक वचन वाचलं. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर ते तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं प्रभू सांगतो ते. हे मी लहानपणापासून ऐकलंय. त्यावर दोनदा बोललोही आहे. पण मी ते नेहमी उलटं धरत आलो होतो. तुझ्या मनात काही असेल तर जा, असं. तिथं तर माझ्या मनाविषयी चकार शब्द नाही. भावाच्या मनात काय आहे ते विचारलंय. म्हणजे 'माझ्या मनात काही नाही' हे सात महिने घोकलेलं वाक्य कुणी मला विचारलंच नव्हतं. त्याच क्षणी मी भर उपासनेत कानकोंडा झालो. पिशवी शेजारच्याच्या हातात दिली आणि बाहेर पडलो.

इथपर्यंत ठीक होतं. पण दाराशी पाळकबाई उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हणालो, 'ताईकडे चाललोय, समेट करायला. प्रार्थनेत असू द्या.' पायऱ्यांवर आमचे खजिनदार भेटले, त्यांनाही तेच सांगितलं. खरं सांगायचं तर दोघांचे चेहरे उजळले ते पाहून मला बरं वाटलं.

मेट्रोचे जिने चढून, पुढं रिक्षा करून चारकोपला पोचेपर्यंत साडेअकरा झाले. ताईनं दार उघडलं. सात महिन्यांत तिचे केस पांढरे झाले होते, की रंग लावायचं तिनं सोडलं होतं, कळेना. मला बघून ती परत जाऊन खाली बसली आणि पुढ्यातली मेथी निवडायला लागली. मी समोर खुर्चीवर बसलो. येताना वाटेत मी वाक्यं जुळवली होती, चांगली होती, पण तिच्या बोटांकडे बघता बघता सगळी गेली.

'चुकलं माझं, ताई,' मी म्हणालो.

'मला काय सांगतोस?' मान वर न करता ती म्हणाली. 'माझं मी बघून घेईन. आत आहे ती.'

आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. मी उठून त्याच्यापाशी गेलो. कुणाशी बोलताना समोर बंद दार असण्याची मला सवय नाही. मी डोळे मिटून बोलणारा माणूस, आणि तिथं डोळे मिटायची लाज वाटली.

'मामा आलोय,' मी म्हणालो. 'तुझी गोष्ट मी बाहेर काढली. तुला विचारलं नाही. चुकलो मी.'

आत पंखा चालू होता, त्याचा आवाज येत होता. मग भाचीचा आवाज आला, अगदी दाराजवळून. ती आधीपासूनच तिथं उभी असणार.

'मामा, इथं येतोयस हे कुणाकुणाला सांगून आलायस?'

तोंडात मारल्यासारखं झालं. मागं ताई मेथी निवडायची थांबली. नाही म्हणून टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण तिला कळलं असतं.

'दोघांना,' मी म्हणालो.

ती हसली असावी. ते हसू वाईट नव्हतं, दमलेल्या माणसाचं होतं. 'मग आता त्यांना काय सांगशील?'

'काही नाही सांगणार.'

'जमेल तुला?'

मला जमेल म्हणायचं होतं. प्रभूच्या कृपेनं जमेल, असं जिभेवर आलंही होतं. 'माहीत नाही गं,' मी म्हणालो. मला रडू आलं, आणि या वेळी ऐकायला खोलीभर माणसं नव्हती.

दार उघडलं नाही. ताईनं उठून भाजी फोडणीला टाकली, भाकऱ्या थापायला घेतल्या. मी निघण्यासाठी चपला बघायला लागलो तेव्हा आतून पुन्हा आवाज आला.

'जेवून जा, मामा.' मग म्हणाली, 'पण जेवणाची प्रार्थना आई करील.'

ताईनं दोन ताटं वाढली, तिसरं झाकून ठेवलं. आम्ही समोरासमोर बसलो. एरवी अशा वेळी सगळे माझ्याकडे बघतात. ताईनं हात जोडले, डोळे मिटले. मी वाट बघत राहिलो, पण एक शब्द ऐकू येईना. शेवटी मी डोळे किलकिले करून पाहिलं. तिचे ओठ हलत होते. मी पुन्हा डोळे मिटले आणि तिचं संपेपर्यंत गप्प बसून राहिलो.