सिग्नलवरची सावली

ऊन तापू लागलं की आमच्या नागपुरात सिग्नलवर हिरवी जाळी बांधतात. दिवा हिरवा होईपर्यंत दुचाकीवाल्यांना तेवढीच सावली. परवा भर दुपारी त्या जाळीखाली सगळ्यांत पुढे मी उभा होतो, कारमध्ये, काचा लावून, एसी चालू ठेवून.

काचेवर टकटक झाली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक बाई होती. काही विकत असेल असं वाटून मी न बघताच हात हलवला. ती हलेना, तेव्हा बोटभर काच खाली केली.

"भाऊ, गाडी थोडी समोर घेता का? बाबांना सावलीत आणते."

मागे उन्हात तिची स्कूटी उभी होती. तिच्यावर म्हातारे वडील, डोक्याला ओला दुपट्टा, आणि ऊन लागू नये म्हणून सदऱ्याच्या खिशात कांदा. मी गिअर टाकेपर्यंत दिवा हिरवा झाला. ती परत धावली. मागचे हॉर्न वाजवू लागले आणि मी निघून गेलो.

शहराने माणसांसाठी बांधलेली एवढीशी सावली माझ्या गाडीचा टप घेऊन बसला होता. वर मला गार ठेवायला गाडी जी गरम हवा बाहेर फेकत होती, तीही त्या बाईच्याच पायांवर.

काल मी मुद्दाम जाळीच्या अलीकडे, उन्हात थांबलो. मागून एक कार आली आणि मला वळसा घालून सावलीत जाऊन उभी राहिली. मी हॉर्न वाजवला. आतल्या माणसाने न बघताच हात हलवला.